सदर कोयत्याने फुटबॉल खेळावे

पितृपंधरवडा लागला की माझ्या दुकानातलं झेरॉक्स मशीन दिवसभर तापलेलं असतं. गंगाखेडला तहसीलसमोर माझं टायपिंगचं आणि बाँड लिहून देण्याचं दुकान आहे. वर्षभर सातबारा, प्रतिज्ञापत्रं, नावातले बदल. या पंधरा दिवसांत मात्र फक्त उचल. ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादम हंगामाआधी पैसे देतो, ती उचल. ती दिल्याचा कागद तो करून घेतो आणि तो कागद मी टाइप करते. बाहेर बाकड्यावर माणसं बसलेली असतात. बायका पदरानं वारा घेतात. आत गरम कागदाचा, शाईच्या पॅडचा आणि तंबाखूचा मिळून एक वास भरून राहतो, तो थेट दसऱ्यापर्यंत जात नाही.

अंगठा पुसायला मी पॅडशेजारी एक फडकं ठेवते. पिवळं आहे, जाड, चांगलं शाई टिपतं. फुटबॉलच्या जर्सीचं आहे.

उचलीच्या कागदात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटंच कुणी असलं तर तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता घ्यायला मुकादम कुरकुरतो. मी हा शब्द हजारदा टाइप केला असेल. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. शब्द होता, टाइप करायचा होता.

या दिवसांत माझ्या मिस्टरांची तिथी येते. भात, कढी, वडे, आळूची भाजी; गच्चीवर पान ठेवायचं आणि कावळ्याची वाट बघायची. मी फार वेळ बघत नाही, दुकान उघडायचं असतं. ते हायस्कुलात क्लार्क होते आणि जन्मभर गोलकीपर होते. गोदावरीच्या घाटाकडे उतरताना डाव्या हाताला एक पडीक तुकडा होता, तिथे त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी क्लब काढला होता, ‘घाट इलेव्हन’. ते गेल्यावर क्लबच्या लोकांनी त्यांची वही, पावतीबुक आणि शिक्का माझ्या दुकानात आणून दिला. म्हणाले, हिशोब तुम्हीच बघा. मला फुटबॉलमधलं ऑफसाइड आजही कळत नाही. पण त्या वहीत त्यांचं अक्षर होतं. ‘चेंडूत हवा भरणे’ असं प्रत्येक महिन्याला त्यांनी तितक्याच काळजीनं लिहिलेलं होतं. मी वही ठेवून घेतली.

तीन वर्षांपूर्वीचा हंगाम मला आठवतो तो वासानं. कारखान्याचा बॉयलर पेटला की गावावर मळीचा गोडसर, कुजका वास उतरतो. पाहुण्यांना मळमळतं, आम्हाला कळतही नाही. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागे पडलेलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ते ओढायला धावणाऱ्या शेळ्या. त्या वर्षी मैदानाच्या मालकानं निरोप पाठवला होता: ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या करायला जागा मागताहेत, चांगलं भाडं देताहेत, तुम्ही गुढीपाडव्यापर्यंत वर्षाचं भाडं एकरकमी भरा, नाहीतर तुमचे खांब उपटून न्या. खांब म्हणजे गोलचे खांब. ते माझ्या मिस्टरांनी स्वतः उभे राहून गाडून घेतले होते.

खताच्या दुकानाचे एक शेठ होते. ते म्हणाले, संक्रांतीच्या परभणीच्या स्पर्धेत तुमचा संघ फायनलला गेला तर तीन वर्षं खर्च माझा, जर्सीवर नाव माझं. आमचा संघ दोन वर्षांत फायनल सोडा, पहिल्या सामन्यापुढे गेला नव्हता. आमचे प्रशिक्षक रफिकभाई, सायकलचं दुकान बंद पडलेले आणि तोंड कधीच बंद न पडणारे. ते एका दुपारी माझ्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाले, “भाभी, एक लडका है. पालम की तरफ का. ऊस तोडता. शाळेत खेळलेला. पाव मत देखो उसका, मान देखो. बाकी कुछ नक्को देखो.”

“मान कशाला?”

“मोळ्या उचल उचल के मान ऐसी हो गई.” त्यांनी हातानं खांब दाखवला. “हवेत बॉल आया, की गोल.”

तो मुलगा म्हणजे बालाजी. चोवीस-पंचवीसचा, बुटका, रुंद. बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायचा. खेळाडूला पैसे देऊन घ्यायची क्लबची ती पहिली वेळ. समितीची सहा माणसं माझ्या दुकानात बाकड्यावर बसली होती. बालाजी म्हणाला, “मी येतो. पण आमी कोयता हाव.”

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

“मी हितं ऱ्हायलो तर ही कुठं जाईल? एकलीला कोण घेतंय?” त्यानं मागं दाराकडे बोट केलं. दारात त्याची बायको उभी होती, अयोध्या. हातात पिशवी, आणि आमच्या सगळ्यांकडे अशी बघत होती जशी बाजारात बाई भाजीवाल्याकडे बघते, घ्यायचं ठरलेलं नसताना.

समितीत हशा पिकला. “फुटबॉलमधी जोडीनं खेळाडू घेणारे आमीच पहिले,” कुणीतरी म्हणालं. पण दुसरा उपाय नव्हता. क्लबनं दोघांची उचल द्यायची, आणि हंगामभर ती दोघं क्लबची.

आता कागद करायचा. फुटबॉलपटूच्या कराराचा नमुना माझ्याकडे कुठून असणार? होता तो मुकादमाचा. मी तोच उघडला. ‘मुकादम’ शोधून तिथे ‘क्लब’ घातलं. ‘ऊसतोड करणे’ शोधून ‘फुटबॉल खेळणे’ घातलं. संगणक पटापट बदलत गेला. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम झालं.

अयोध्या नववी शिकलेली होती. सही करायच्या आधी तिनं कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली, शाळेत धडा वाचतात तसा. “सदर कोयत्याने हंगाम संपेपर्यंत क्लबच्या सांगण्याप्रमाणे फुटबॉल खेळावे.” मान वर करून म्हणाली, “म्हंजी बाई, मी बी खेळायचं का?”

रफिकभाई हसून हसून बाकड्यावरून उठले. बालाजीही हसला, पहिल्यांदा. ती पुढं वाचत राहिली, त्याच आवाजात, शेवटच्या कलमापर्यंत: आजारपणामुळे वा अन्य कारणाने हंगाम पूर्ण न झाल्यास उर्वरित उचल पुढील हंगामात काम करून फेडावी. मी तेव्हा स्टेपलर शोधत होते. सगळे अजून हसत होते. ते कलम मोठ्यानं वाचलं गेलं, आणि ऐकलं फक्त दोघांनी. ज्यांनी ते पाळायचं होतं त्यांनी.

त्या हिवाळ्यातल्या सकाळी मला अजून हात लावावा इतक्या जवळ वाटतात. मैदानाच्या कडेला क्लबची एक पत्र्याची खोली होती, तिथे ती दोघं राहायची. मी दुकान उघडण्याआधी घाटाकडून फिरून जायला लागले, पाय मोकळे करायला म्हणून. धुक्यात भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि त्याच्या मागून चेंडू डोक्यावर आपटल्याचा. थप, थप, ठक. थप, थप, ठक. काही वेळानं कुठला आवाज कुठला ते कळायचं नाही.

अयोध्येला बसून राहायची सवय नव्हती. आठ दिवसांत तिनं सगळ्या जर्स्या धुऊन गोलच्या खांबांना दोरी बांधून वाळत घातल्या. पिवळ्या रंगावर मिठाचं पाणी मारलं. “रंग धरून ऱ्हातो बाई,” म्हणाली. फक्कीची रेघ मारायचं काम आमच्या पोरांना कधी जमलं नव्हतं. आमच्या मैदानाच्या रेषा दारू पिऊन मारल्यासारख्या असायच्या. तिनं घमेलं घेतलं आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी न लावता रेघ ओढली. सुतात सरळ.

“कशी काय ग?”

“पायाकडं बघायचं न्हाई. सरी कुठं संपती तिकडं बघायचं.”

मला वाटतं, त्या दिवशी मला ती माझी वाटायला लागली. मी असलं बोलून दाखवणारी बाई नाही. संध्याकाळी जाताना तिच्यासाठी एक स्वेटर घेऊन गेले आणि म्हणाले, घरात पडून होता. तो नवा होता, तिकीट काढायचं राहिलं होतं. तिनं तिकीट बघितलं, दातांनी दोरा तोडून ते काढून टाकलं.

स्पर्धेत नऊ नंबरची जर्सी घालून बालाजीनं केलेले सगळे गोल डोक्यानं. परभणीच्या मैदानावरची माणसं विचारायची, कुठल्या अकॅडमीचा? रफिकभाई छाती पुढे काढून सांगायचे, “पालम अकॅडमी. सकाळी चारला उठवते.” शेठ पहिल्या सामन्याला आले नाहीत, दुसऱ्याला पाच मिनिटं आले, उपांत्य सामन्याला खुर्ची घेऊन बसले. मी त्यांच्या शेजारी.

पहिल्या अर्ध्यातच तो पडला. उडी मारून खाली येताना पाय वाकडा टेकला. मी लांब होते, तरी आवाज ऐकला, किंवा ऐकला असं आता वाटतं. ओलं कांडं मोडावं तसा. रफिकभाईंनी त्याला कडेला आणलं. “निकल जा बेटा. बस हो गया.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. हिशोब माझ्याकडे होता ना. शेठ म्हणाले, “हा गेला तर मग कसं व्हायचं वहिनी?”

मी म्हणाले, “त्यालाच विचारा. जमतंय का म्हणावं.”

बरोबरच बोलले, असं मला तेव्हा वाटलं. निर्णय त्याच्यावर सोडला. पण ज्याला आयुष्यात कुणी काम जमतंय का असं विचारलं तर ‘जमतंय’ याशिवाय दुसरं उत्तर शिकवलेलंच नाही, त्याला विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. मी वीस वर्षं या माणसांचे कागद लिहीत होते. मला हे माहीत असायला हवं होतं. नव्हे, मला माहीत होतं.

“जमतंय की बाई,” तो म्हणाला. माझ्या पायांकडे बघत.

गुडघ्याला फडकं बांधून तो खेळला. शेवटी कॉर्नर आला तेव्हा एका पायावर उडाला आणि गोल झाला. आम्ही फायनलला गेलो. पोरांनी त्याला उचललं, शेठनी माझं अभिनंदन केलं. अयोध्या तेवढी मैदानात धावली नाही. ती कडेला उभी राहून त्याच्या पायाकडे बघत होती. सरी कुठं संपते तिकडे नाही; पायाकडे.

फायनलला तो नव्हता. आम्ही हरलो. शेठनी शब्द पाळला, पहिला हप्ता दिला. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल आणि लवकर. समितीची बैठक माझ्याच दुकानात झाली. एका हप्त्यात एकच गोष्ट होणार होती: मैदानाचं भाडं किंवा गुडघा. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी अगदी स्वच्छ मांडणी केली. मैदान गेलं तर क्लब गेला, क्लब गेला तर शेठचे पुढचे हप्ते गेले. आधी मैदान, पुढच्या हप्त्यात ऑपरेशन. कुणालाच त्यात चूक काढता आली नाही. रफिकभाई तेवढे म्हणाले, “भाभी, घुटना वाट देखता क्या?” मी म्हणाले, “मग तुम्ही दुसरा हिशोब दाखवा.” त्यांच्याकडे हिशोब नव्हता.

खोटं कशाला सांगू? ती मांडणी करताना माझ्या डोळ्यांसमोर ते दोन खांब होते.

पाडव्याला ती दोघं पालमच्या बसला बसली. बालाजी काठी घेऊन. अयोध्येनं जाण्याआधी जर्स्या घड्या करून, नंबर वर दिसतील अशा, खोक्यात भरून ठेवल्या होत्या. पुढचा हप्ता आला नाही. शेठना क्रिकेट सापडलं. त्यात माणसं जास्त येतात, त्यांचं बरोबर आहे. गुडघा तसाच धरला. पुढच्या पाडव्याला मैदानही गेलं. आज तिथे ट्रॉल्या उभ्या असतात. खांब कुणी नेले मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मैदान गेलं त्याच आठवड्यात अयोध्या दुकानात आली. एकटी. काळी पडलेली, हातांना उसाच्या पात्याचे चरे. बापाला सोबत घेऊन तिनं कोयता पुरा केला होता, साठीच्या बापाला. काउंटरवर तिनं पैसे ठेवले.

“हे काय?”

“उचलीतलं ऱ्हायल्यालं. हंगाम पुरा झाला नव्हता न्हवं. फायनल ऱ्हायली.”

मी म्हणाले, वेडी आहेस का, कुणी मागितले? तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला, घडीवर झिजलेला, आणि बोट ठेवलं. “कागदात हाय की बाई.”

माझा फॉन्ट. माझा शिक्का. मी तिला समजावलं, ते चुकून राहिलं, ते मुकादमाच्या नमुन्यातलं आहे, फुटबॉलमध्ये असं नसतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण आमी तर वाचून सही केली व्हती.”

ती काउंटरसमोरून हलेना. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी पैसे घेतले आणि पावती फाडली. घाट इलेव्हनची ती शेवटची पावती. दुसऱ्या दिवशी रफिकभाईंना ते पैसे देऊन तिच्या गावी पाठवलं. ते संध्याकाळच्या एसटीनं पैसे घेऊन परत आले, वर पिशवीत किलोभर मूग. “नहीं लेते, भाभी. चाय पिलाए, मूंग दिए. लडका पिठाच्या गिरणीवर बसता. मेरेकू देख के उठ के खडा हुआ. उठू नको बोला तोपर्यंत उठलेला.” रफिकभाई गप्प बसले की दुकान फार मोठं वाटतं.

ते पैसे क्लबच्या खात्यावर आहेत. मैदान नाही, संघ नाही, चेंडू नाही, खात्यावर मात्र शिल्लक आहे. इतकी चांगली स्थिती माझ्या मिस्टरांच्या वेळी कधी नव्हती. जर्स्या पडून होत्या, कापड चांगलं होतं. मी फडकी केली.

परवा ती पुन्हा आली. गर्दी होती, तिनं नंबर लावला, बाकड्यावर बसली, माझ्याशी गिऱ्हाइकासारखी वागली. मुकादम बाहेर फोनवर बोलत होता. तिचा नंबर आल्यावर म्हणाली, “उचलीचा कागद करायचाय. तुमच्याकडंच करायचा म्हणलं मी त्येला.”

“आणि बाप?”

“त्येला आता व्हईना.”

मी आवाज खाली करून म्हणाले, “क्लबच्या खात्यात तुझे पैसे आहेत. ते घे. यंदा नको जाऊ.”

“ते क्लबचे हायती बाई.” जणू मीच काहीतरी लबाडीचं बोलले होते. “लिवा. अर्धा कोयता.”

मी लिहिलं. अर्धा. मग नमुना खाली सरकवला आणि शेवटचं कलम पुसून टाकलं. कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचायला सुरुवात केली, त्याच आवाजात, पहिल्या ओळीपासून. बाकड्यावरची माणसं ऐकत होती. शेवटी ती थांबली, कागद उलटून मागं बघितलं.

“शेवटलं कलम ऱ्हायलं बाई.”

“राहिलं नाही. काढलं.”

तिनं थोडा विचार केला. “ऱ्हाऊ द्या ते. लिवलेलं असलं म्हंजे फेडल्यावर कुणाचं काही ऱ्हात न्हाई. न लिवता फेडलं की मग लोकं गुण गात बसत्यात.” आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

मी पुसलेलं परत आणलं. एक बटण दाबायचं असतं. कलम होतं तसं जागेवर आलं. मी छापलं. मुकादमाला सही आणि अंगठा दोन्ही लागतात. तिनं सही केली, अंगठा पॅडवर दाबला, कागदावर उठवला आणि फडक्याकडे हात नेला. पुसता पुसता तिचा हात थांबला. तिनं फडकं उलगडलं. पिवळ्यावर अर्धा नऊ होता.

तिनं अंगठा त्या नऊला न लागू देता कडेनं पुसला, फडक्याची नीट चौघडी घातली, नंबर आत जाईल अशी, आणि पॅडशेजारी ठेवलं.

“मिठाच्या पाण्यात घालत जा बाई,” म्हणाली. “रंग अजून हाय त्येच्यात.”

मुकादमानं बाहेरून हाक मारली, ती गेली. मी म्हणाले, “पुढचं कोण?” दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही.